लालबाग बंद होता म्हणून

राजवाडा झाला, छत्र्या झाल्या,
काचमंदिरात बाई स्वतःचे चेहरे मोजत बसल्या,
चाळिसाला थांबल्या.
आणि लालबागच्या फाटकाला कुलूप.
माझ्या कागदावर पुढचं नाव सराफ्याचं,
तेही रात्री नवानंतर.
मधल्या पाच तासांचं काय करायचं
हे कंपनीनं लिहून दिलेलं नव्हतं.

ओदील बाई. वय बाहत्तर. फ्रान्सच्या पार उत्तरेच्या,
जिथे, त्या म्हणाल्या, पाऊस आडवा पडतो
आणि विटा काळ्याच जन्माला येतात.
"तुमच्याकडे गिरण्या होत्या ना?"
होत्या म्हटलं, पण बघण्यासारखं काही नाही.
"आमच्याकडेही नव्हतं," त्या म्हणाल्या.
"मग तिकीट लावलं."

रिक्षा परदेशीपुऱ्याकडे वळली
आणि मला उगाच लाज वाटू लागली,
पाहुण्यांना मोरीच्या बाजूनं घरात घेतल्यासारखी.
ही चिमणी, मी म्हटलं, आणि वर बोट केलं.
माझ्या भाषेत चिमणी पक्षीही असते
हे सांगायचं मनात आलं, राहून गेलं.
वर पोपटांनी वस्ती केली होती.

त्यांच्या गावी बॉयलरखोलीत आता कॉफी मिळते.
विणकामखात्यात चित्रं टांगतात,
मालकाच्या बंगल्यात लग्नं लागतात.
इथल्या बॉयलरखोलीतून बॉयलर गेला,
मग दारं, मग दारांच्या चौकटी,
मग, कुणाच्या लक्षात येण्याआधी, खोलीच.

फाटकाशी पुरणलाल कोरी.
अठ्ठावीस वर्षं साळखात्यात,
आता त्याच साळखात्याच्या भिंती
पळून जाऊ नयेत म्हणून रोजंदारीवर बसलेला.
"अंदर नहीं, भिया. ऊपर से ऑर्डर है."
वर पाहिलं. वर पोपट.

मग आम्ही गजांतूनच पाहिलं.
बेशरमाची झुडपं, एक शेळी,
लोखंडी खांबांची रांग, डोक्यावर छप्पर नाही.
साचे किती होते, बाईंनी विचारलं.
बाराशे, मी सांगितलं, कोरीला न विचारता.
हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ होता.
माझे वडील याच खात्यात. घरी ओरडूनच बोलायचे,
मीठ मागायचे तेही चाळीला ऐकू जाईल असं.
मी कितीतरी वर्षं त्याला राग समजत होतो.

आणि तेवढ्यात ओदील बाईंनी
हातात नसलेलं काहीतरी ओठांशी नेलं,
सुर्रकन श्वास आत ओढला,
आणि मान वळवून थुंकल्यासारखं केलं.
कोरी स्टुलावरून उठला.
त्यानंही तसंच केलं. तीच पकड, तोच झटका,
तसंच बाजूला थुंकणं, फक्त हा खरोखर थुंकला.
धोट्याच्या डोळ्यातून धागा ओठांनी ओढायचा,
दिवसातून तीनशेदा, दुसऱ्याची थुंकी न वाळलेल्या लाकडाला
तोंड लावून.
मला कुणी भाषांतर मागितलं नाही.

मग मागितलं. कोरी म्हणाला,
"पूछो ना, इनको हिसाब मिला क्या?"
हिसाब म्हणजे? बाईंना कळेना.
शेवटचे पैसे, मी म्हटलं. गिरणी बंद पडल्यावर जे देतात.
किंवा देत नाहीत.
त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, आईला घड्याळ दिलं होतं.
मी सांगितलं, घड्याळ.
कोरीनं त्यावर बराच विचार केला.
"चलता है?"

रात्री सराफ्यात त्यांनी भुट्ट्याचा कीस खाल्ला,
जिरावण जास्त झालं, डोळ्यांत पाणी आलं, हसल्या.
गाडी सुटल्यावर मी फलाटावरच कागद काढला
आणि लालबागसमोर, बारीक अक्षरात, लिहिलं:
बंद असल्यास गिरणीचं मागचं फाटक, उजव्या हाताला.
तिकीट नाही.
तंबाखू न्यावी.